पाहुण्याचे पैसे

पाहुणा दारात आला की आधी गूळ आणि पाणी, मग विचारपूस, आणि जेवल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, ही आमच्या सासूबाईंची रीत. 1984 साली लग्न होऊन मी मुरब्याला आले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्यांनी ती मला ऐकवली. सोबत एक गोष्टही सांगितली. तारापूरच्या अणुवीजकेंद्राचे बांधकाम चालू होते, त्या दिवसांतली. कामाच्या शोधात परगावची माणसे आमच्या भागात येऊ लागली होती. एका पावसाळ्यात असेच दोन तरुण आमच्या पडवीत भिजत उभे राहिले. सासूबाईंनी त्यांना आत घेतले. पाऊस उघडेपर्यंत चार दिवस ते आमच्याकडेच जेवले, झोपले. निघताना एकाने दहा रुपयांची नोट देवापुढे ठेवली. सासूबाईंनी ती उचलून त्याच्या खिशात कोंबली आणि म्हणाल्या, "पैसे घेतले तर ही खानावळ झाली. हे घर आहे, बाबा."

त्या काळी दहा रुपये म्हणजे काही थोडे नव्हते. सासूबाई ही गोष्ट आल्यागेल्याला सांगत, आणि सांगता सांगता ती आमच्या घराचा कुळाचारच होऊन बसली. म्हणूनच 2022 साली आमच्या सूनबाईने जेव्हा म्हटले, "आई, मागच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. आपण पाहुणे ठेवूया का? पैसे घेऊन," तेव्हा माझ्या हातातले भांडे हातातच राहिले.

सून माझी केळव्याची. केळव्याला समुद्रकिनारा आहे, शितलादेवीचे देऊळ आहे, आणि शनिवार-रविवारी मुंबईची माणसे तिथे लोटतात. तिच्या माहेरच्या गल्लीत घरोघरी खोल्या दिलेल्या तिने लहानपणापासून पाहिलेल्या. तिला त्यात वावगे काही वाटत नव्हते. शिवाय ती बोलत होती ते गरजेपोटी. मुलगा बोटीवर हिश्शाने जातो. डिझेल महागलेले, बर्फ महागलेला, आणि मासळी तर वर्षावर्षाला कमी होत चाललेली. ज्या पापलेटसाठी आमच्या खाडीपलीकडची सातपाटी प्रसिद्ध, त्याला सरकारने 2023 मध्ये राज्य मासा केले. मान मिळाला हे खरे, पण तो मान देण्याची वेळ का आली हे जाळे टाकणाऱ्याला विचारावे. थोडीशी भातशेती आहे, ती घरापुरती. नातवंडांच्या शाळेचा खर्च मात्र कोणाची वाट पाहत नाही.

यजमान ऐकून घेईनात. "माझ्या आईने देवापुढची नोट परत केली, आणि तुम्ही दाराला दराचा फळा लावणार?" एवढे बोलून ते धक्क्याकडे निघून गेले. मी दोघांच्या मध्ये. खरे सांगायचे तर मन माझेही यजमानांच्याच बाजूला होते. पण सुनेच्या तोंडाकडे पाहिले आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्यालाच तिने होकार मानला.

तिने बचत गटातून 40,000 रुपये कर्ज काढले. न्हाणीघराला फरशी बसवली, पाणी तापवायचे यंत्र आणले, गाद्या, चादरी, टॉवेल घेतले. भिंतींना गुलाबी रंग दिला. नाताळच्या सुटीत मुंबईची दोन कुटुंबे यायची ठरली, तशी घरात एकच धांदल उडाली. आमच्याकडे त्या दिवसांत अंगणात बोंबील वाळत असतात. दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून आडव्या बांबूवर टांगायचे, अशा रांगाच्या रांगा. सून म्हणाली, "आई, शहरातल्या माणसांना वास सहन होत नाही." झाले! बोंबील उतरवून जाऊबाईंच्या परसात नेले. जाळी उचलून मागे टाकली. यजमानांना सांगितले, "पाहुणे असेपर्यंत लुंगीवर ओटीवर बसू नका." स्वतःच्याच घरात ते चोरासारखे वावरू लागले. जेवणाला काय? तर बोईसरहून पनीर आणले, पाकिटातला मसाला आणला. समुद्राच्या काठावर राहून आम्ही पाहुण्यांना पनीर वाढले!

पाहुणे तीन दिवसांसाठी आले होते. दुसऱ्या दिवशी दुपारीच निघाले. माणसे वाईट नव्हती. गाडीत सामान भरताना त्यांतली एक बाई दुसरीला म्हणत होती, "इथे बघण्यासारखं तसं काहीच नाही गं." ती हळू बोलत होती, पण आमची ओटी केवढीशी! सुनेने ऐकले, मी ऐकले, आणि आत बसलेल्या यजमानांनीही ऐकले.

त्या रात्री सून स्वयंपाकघरात बसून रडली. यजमान एवढेच म्हणाले, "झाली हौस?" पुढे चार महिने त्या खोल्यांना कुलूप होते. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला जात होता, तो मुलाच्या हिश्शातून.

उन्हाळ्यात एक दिवस सुनेने मला मोबाइलवर एक चित्र दाखवले. काळोख्या रानात झाडेच्या झाडे पेटल्यासारखी चमकत होती. ते काजवे होते. गाव पुरुषवाडी, तालुका अकोले, जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. तिथे डोंगरातली माणसे पाहुण्यांना आपल्याच घरात जेवू घालतात, राहायला जागा देतात आणि पैसे घेतात. 2006 च्या सुमारास ग्रासरूट्स नावाच्या संस्थेच्या साह्याने त्यांनी हे सुरू केले, असे तिला कळले होते. मी म्हटले, "चल, जाऊन बघू. आपलं कुठे चुकलं ते दुसऱ्याच्या दारात गेल्याशिवाय कळायचं नाही." जून महिना लागला होता. किनाऱ्यावर मासेमारीची बंदी सुरू झाली होती, होड्या वर ओढलेल्या, घरातली माणसे घरात. नातवंडे मुलाच्या गळ्यात घातली आणि आम्ही सासू-सुना निघालो. सोबत घरचे दहा नारळ आणि सुक्या बोंबलांचे एक गाठोडे.

बोईसरहून लोकलने दादर, दादरहून कसारा, तिथून जीपने घाट चढून इगतपुरी, घोटी आणि राजूर. वाटेत कळसूबाईचे शिखर दिसले. 1646 मीटर उंच, महाराष्ट्रात सर्वांत उंच. आयुष्यभर सपाट पाण्याकडे पाहणारी मी. मान वर करून करून दुखायला लागली.

पुरुषवाडीत पोचलो तेव्हा ऊन कलले होते. कौलारू घरे, शेणाने सारवलेली अंगणे, उतारावर भातखाचरे पावसाची वाट पाहत पडलेली. पहिल्या दर्शनी मला वाटले, इथे तरी बघण्यासारखे काय आहे? आणि लगेच जीभ चावली. हेच शब्द आमच्या दारात कोणीतरी उच्चारले होते.

आम्हाला ज्या घरी जेवायला पाठवले, ती बाई चाळिशीची होती. महादेव कोळी समाजाची. मी म्हटले, "आम्हीही दर्यावरचे कोळी लोक." ती हसली, म्हणाली, "मग मावशी, तुमी पाण्याचं कोळी अन् आमी डोंगराचं." नाव एक, पण रीतिभाती निराळ्या. तरी तेवढ्या एका शब्दावर आमची गट्टी जमली. चुलीपुढे पाट मांडून तिने आम्हाला बसवले. नाचणीची भाकरी, वरण, भात, रानातली पालेभाजी आणि मिरचीचा ठेचा. तिची मुलेही आमच्याच पंगतीला. कोपऱ्यात बी-बियाण्याची कणगी, दाराशी शेळी, दोरीवर धुणे. तिने काही लपवले नव्हते आणि मुद्दाम काही मांडलेही नव्हते. रोज जे शिजते त्यात दोन भाकऱ्या जास्त थापल्या, एवढेच.

माझ्या सुनेने तिला खोदखोदून विचारले. उत्तरात जे कळले ते वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. पाहुणे एकाच घराचे नसतात, गावाचे असतात. कोणी कोणाकडे जेवायचे याची पाळी लावलेली असते. आज हिच्याकडे, तर उद्या शेजारणीकडे. रान दाखवायला गावातलीच पोरे जातात, त्यांना त्याचा मेहनताना. दर आधी ठरलेला, त्यामुळे घासाघीस नाही आणि शेजाऱ्याचे गिऱ्हाईक पळवणे नाही. "पैल्यांदा लई लाज वाटली मावशी," ती म्हणाली. "जेवू घालून पैसं घ्यायचं म्हंजी काय! पन पूर्वी दिवाळी झाली का आमची मान्सं कामाला घाटाखाली, न्हाईतर नारायणगावाकडं जायची. आता दोन पैसं घरात येत्यात. सगळं न्हाई भागत, शेती हायेच. पन पोराच्या वह्यांसाठी कोनाकडं हात पसरावा लागत न्हाई."

"सगळं भागत नाही, शेती आहेच" हे ती ज्या सहजपणे बोलली, ते मला फार पटले. पाहुण्यांवर संसार नाही, संसारात पाहुणे.

अंधार पडला तसे गावातल्या एका तरुणाने आम्हा पंधरावीस जणांना ओढ्याच्या बाजूला नेले. मोबाइल खिशात, बॅटऱ्या बंद, बोलायचे ते हळू. आधी एका जांभळीवर दोनचार ठिणग्या दिसल्या. मग शेजारच्या हिरड्यावर. बघता बघता अख्खे झाड एकदम उजळे आणि एकदम विझे, जणू कोणी फुंकर घालत होते. सून माझा हात घट्ट धरून उभी होती.

त्या तरुणाने हळू आवाजात माहिती सांगितली. काजवा ही माशी नव्हे, तो एक भुंगेरा आहे. वर्षातला बहुतेक काळ तो अळीच्या रूपात ओलसर जमिनीत काढतो आणि गोगलगायींवर जगतो. म्हणजे शेतकऱ्याचा तो मित्रच म्हणायचा. पंख फुटल्यावर त्याचे आयुष्य दोनतीन आठवड्यांचे, तेही वळवाचे पाऊस पडू लागल्यापासून पावसाळ्याचा जोर धरेपर्यंत. नर प्रकाशाची उघडझाप करतो, मादी तशीच खूण देऊन उत्तर देते, आणि त्या खुणेवर त्यांची भेट होते. मध्येच बॅटरीचा किंवा मोटारीचा झोत पडला की ही खूण हरवते. भेट झाली नाही तर अंडी नाहीत, आणि पुढल्या वर्षी काजवे कमी.

तो हे सांगत होता तोच मागे रस्त्यावर एका मोटारीचे दिवे लागले. झाड एकदम काळे पडले. तरुण झपाट्याने तिकडे गेला. आवाज चढवला नाही, पण स्वर ठाम होता. "पाहुणे, दिवा बंद करा. आमचे काजवे बिथरतात." मोटारीतला माणूस चांगला सुटाबुटातला होता. त्याने मुकाट्याने दिवे विझवले. थोड्या वेळाने झाड पुन्हा बोलू लागले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे देणाऱ्या पाहुण्याला "हे करू नका" असे सांगता येते, हे मला ठाऊकच नव्हते. आम्ही काय केले होते? पाहुणा येणार म्हणून बोंबील उतरवले, जाळी लपवली, म्हाताऱ्याला आत बसवले. आमच्या घरातला सगळा उजेड आम्हीच आमच्या हाताने विझवून टाकला, आणि मग त्या बाईला दिसणार तरी काय होते? ती खोटे बोलली नव्हती.

सकाळी निघताना मी त्या बाईपुढे नारळ आणि बोंबलांचे गाठोडे ठेवले. तिने ते दोन्ही हातांनी घेतले, वास घेतला आणि म्हणाली, "हे काय, हे तर इकत घ्यावं लागतं बाजारात!" जेवणाचे पैसे आम्ही ठरल्याप्रमाणे आधीच भरले होते. तरीही मी पन्नासाची एक नोट तिच्या मुलाच्या हातात द्यायला गेले. तिने ती परत केली. "जेवनाचं झालं मावशी. हे न्हाई घ्यायचं. आमची पोरं मग येनाऱ्याच्या हाताकडं बघाया शिकत्यात."

मला सासूबाईंची आठवण झाली. ती दहाची नोट आणि ही पन्नासाची. दोघी परत करत होत्या. फरक एवढाच, की हिने कष्टाचे पैसे आधी घेतले होते, आणि मायेचे परत केले.

परतीच्या गाडीत सून आणि मी फारसे बोललो नाही, पण कसाऱ्याला उतरेपर्यंत आमचे ठरले होते.

घरी आल्यावर पहिले काम म्हणजे यजमानांना सगळे सविस्तर सांगितले. ते ऐकत होते. काजव्यांच्या गोष्टीला त्यांनी मान हलवली. पन्नासाच्या नोटेच्या गोष्टीला मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला लुंगीवर बसू देणार असाल तर करा काय ते."

सुनेने शेजारच्या दोन घरांशी बोलून घेतले. तीन घरांची पाळी ठरली. त्यांच्याकडे खोल्या नव्हत्या, पण जेवण होते. एक वेळचे जेवण आमच्याकडे, एक वेळचे त्यांच्याकडे. दर तिघींनी मिळून ठरवला आणि एका कागदावर लिहून खोलीत चिकटवला. त्याखाली चार ओळी: इथे मासळी वाळते, वास येईल. दारू चालणार नाही. किनाऱ्यावर कचरा टाकू नये. रात्री दहानंतर घर झोपते. मुलगा म्हणाला, "असं लिहिलंत तर कोण येईल?" सून म्हणाली, "ज्यांना चालतं ते येतील."

त्या नोव्हेंबरात ठाण्याचे एक निवृत्त शिक्षक, त्यांच्या पत्नी आणि नात असे तिघे आले. बोंबील अंगणात टांगलेले होते. यजमान लुंगीवर ओटीवर जाळे विणत बसले होते. ती मुलगी त्यांच्यापुढे जी बसली ती उठेना. गाठ कशी मारायची, बोंबलाच्या तोंडात बोंबील कसा अडकवायचा, भरती-ओहोटी कशी ओळखायची, सगळे विचारून झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे यजमान स्वतः तिला घेऊन होड्या लागताना दाखवायला गेले. जेवायला तांदळाची भाकरी आणि बोंबलाचे कालवण. निघताना शिक्षकांनी ठरलेले पैसे सुनेच्या हातात दिले. तिने ते यजमानांपुढे धरले. त्यांनी क्षणभर त्या नोटांकडे पाहिले, देवापुढे ठेवले, आणि पुन्हा उचलून तिलाच दिले. "हप्ता भर," म्हणाले.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांकडे अशी एखादी रिकामी खोली असेल, बाग असेल, मळा असेल. बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी 2005 पासून कृषी पर्यटनाची कल्पना शेतकऱ्यांपुढे मांडली. 2020 मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. घरातल्या खोल्यांसाठी न्याहारी-निवास योजना आहे. आपले घर कशात बसते ते आधी विचारून घ्यावे. येणाऱ्याचे ओळखपत्र पाहून वहीत नाव लिहावे. परदेशी पाहुणा राहिला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

पण या सगळ्याच्या आधी चार गोष्टी आमच्या चुकांवरून सांगते. कर्ज काढून सुरुवात करू नका. शौचालय स्वच्छ, पाणी उकळून गार केलेले आणि चादर धुतलेली एवढे असले की पुरे, गुलाबी भिंत कोणी पाहत नाही. घरातल्या बाईवर सगळा भार पडत असेल तर पैसे तिच्या खात्यात गेले पाहिजेत, आणि तिला महिन्यातून काही दिवस "आज जागा नाही" असे म्हणायची मोकळीक हवी. आणि पाहुणा वाढला म्हणून आपले मूळ काम सोडू नका. भंडारदऱ्याच्या बाजूला काजव्यांच्या दिवसांत मोटारींची एवढी गर्दी होऊ लागली, की वनखात्याला नियम घालावे लागले. येणाऱ्यांचा लोंढा ज्या गोष्टीसाठी येतो ती गोष्टच पायदळी तुडवतो, हे काजव्यांचे झाले तसे किनाऱ्याचेही होऊ शकते.

आमच्या घराला यातून फार मोठे काही मिळते असे नाही. पाहुणे येतात ते थंडीच्या दिवसांत, पावसाळ्यात खोल्या बंदच असतात. मुलगा अजून बोटीवरच जातो. शिवाय मुरब्याच्या किनाऱ्यावर मोठे बंदर उभारण्याचा प्रस्ताव आहे, आणि गावात त्याला विरोध आहे. उद्या समुद्रच दुरावला तर पाहुण्याला दाखवायला काय उरेल, हा विचार रात्री मनात येतो. आलेले लोक विचारतात तेव्हा आम्ही तेही त्यांना सांगतो. तेही आमच्या घरातलेच आहे, लपवायचे कशाला?

गेल्या दिवाळीच्या आधी कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला. सुनेने ते पासबुक सासूबाईंच्या तसबिरीपुढे ठेवले. त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या हे मला सांगता येत नाही. कदाचित रागावल्याही असत्या. पण पाहुणा दारात आला की अजूनही आधी गूळ आणि पाणीच पुढे येते, आणि त्या गूळपाण्याचे पैसे आम्ही दराच्या कागदावर लिहिलेले नाहीत.